बाबांना मासे खा म्हणतात, मला जपून खा म्हणतात; आणायचा तरी कोणता?

निळीशाई:
मला पाचवा महिना सुरू आहे, सध्या आईबाबांकडे आहे. बाबांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली; त्यांच्या डॉक्टरांनी मटण कमी करून मासे खायला सांगितलं. माझ्या डॉक्टर म्हणतात, माशांत पारा असतो, बेतानं खा. आईला गाउट आहे, पायाचा अंगठा सुजतो. स्वयंपाक मीच करते. एका यादीत मॅकरेल चांगला म्हटलंय, दुसरीत मॅकरेल अजिबात नको. तिघांसाठी आणायचं काय?

मीठपाणी:
मासळीची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं. त्यामुळे औषधांचं डॉक्टरांना विचारा, माशांचं मी सांगते.

आधी त्या याद्यांबद्दल. टाळायला सांगतात तो किंग मॅकरेल, सुरमईच्या कुळातला मोठा शिकारी मासा. खा म्हणतात तो लहान, बांगड्यासारखा. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत.

पारा पाण्यात उतरला की गाळातले जिवाणू त्याचं मिथिलमर्क्युरी, म्हणजे अंगात साठणारं पाऱ्याचं विषारी रूप, करतात. ते प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत जातं, प्लवक खाणाऱ्या लहान माशांत, मग त्यांना खाणाऱ्या मोठ्यांत, आणि प्रत्येक पायरीला साठत जातं. म्हणून मासा जितका मोठा, जितका म्हातारा, जितका शिकारी, तितका पारा जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मोजणीत सार्डिनमध्ये (आपली तारली याच जातीची) किलोमागे सरासरी ०.०१३ मिलिग्रॅम पारा निघाला, सालमनमध्ये ०.०२२, अल्बाकोर ट्यूनात ०.३५ आणि तलवार माशात जवळजवळ १. शार्कही तलवार माशाच्याच पंक्तीतला. हा पारा चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनाला चिकटलेला असतो. कातडी काढा, उकळा, तळा, तो जात नाही.

यात सगळ्यात जास्त धोका बाळाच्या मेंदूला असतो. जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात जात होतं. १९५६ मध्ये तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. स्वतःला फारसा त्रास नसलेल्या आयांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुलं जन्मली. ते कारखान्याचं विष होतं, रोजच्या जेवणाची त्याच्याशी तुलना होत नाही. पण बाळाला एवढं का जपायचं ते त्यातून कळतं.

तरीही ताई, घाबरून मासे सोडू नका. त्याच बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए, म्हणजे माशांत मिळणारं एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल, हवं असतं. गरोदरपणात कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खावेत, असा अमेरिकी सल्ला आहे. तारली, लहान बांगडा, सालमन यांत डीएचए भरपूर. तिलापियात पारा कमी, पण ओमेगा-३ही कमी. कच्चा मासा नको. थंड धुरावर मुरवलेला, न शिजवलेला सालमनही नको, त्यात लिस्टेरिया हा गरोदरपणात घातक ठरणारा जिवाणू असू शकतो.

रानवाट:
मला एकदा ट्यूना खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडली. 'माशाची अ‍ॅलर्जी' असा शिक्का बसला आणि मी कित्येक वर्षं मासा तोंडात घातला नाही. पुढे अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी तपासलं तर काहीच निघालं नाही. हे काय असावं?

मीठपाणी:
वर्णन हिस्टामिनच्या, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखीच लक्षणं आणणाऱ्या रसायनाच्या, विषबाधेचं वाटतं. ट्यूना, बांगडा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते एकदा तयार झालं की शिजवून, गोठवून, डबाबंद करून नष्ट होत नाही. वासही बिघडलेला असेलच असं नाही. आमच्याकडे दिसायला झकास मासेही हिस्टामिनच्या चाचणीत नापास व्हायचे, म्हणून मला याची फार कळकळ आहे. लोक पाऱ्याची धास्ती घेतात आणि बर्फ वितळलेल्या टोपलीतला मासा निर्धास्त उचलतात. मासा बर्फात गाडलेला नसेल तर घेऊच नका.

तुमच्यासोबत तोच मासा खाणाऱ्या इतरांनाही त्रास झाला होता का, ते आठवून पाहा. तसं असेल तर संशय हिस्टामिनवर. पण खरी अ‍ॅलर्जी जिवावर बेतते. घरी प्रयोग करू नका, आणि घसा आवळला, श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठा.

निळीशाई:
आमच्याकडे अजून बाबांचाच प्रश्न उरलाय. माशाऐवजी ओमेगा-३ च्या कॅप्सूल चालतील? आणि आईचं काय?

मीठपाणी:
कॅप्सूल म्हणजे मासा नव्हे. २०१८ मध्ये 'व्हायटल' या अमेरिकी चाचणीचे निकाल आले. जवळपास २६ हजार माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांना रोज १ ग्रॅम ओमेगा-३ दिलं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू एकत्र धरले तर ठोस फरक दिसला नाही. जास्त मात्रेनं काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यामुळे बाबांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ताटात मासा आला की मटण आपोआप कमी होतं, तोही फायदा आहेच. आठवड्यातून दोनदा, उकडलेला किंवा भाजलेला. भरपूर तेलात तळलेला नको, आणि खारवलेला सुका मासा मिठामुळे त्यांना नकोच.

आईंना मात्र तारली देऊ नका. ज्या माशाची मी तुम्हाला शिफारस केली, त्यातच प्युरिन नावाचं द्रव्य खूप असतं आणि त्यानं गाउटला कारण होणारं युरिक अ‍ॅसिड वाढतं. सालमनचा लहान तुकडा अधूनमधून चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मासा उकळला तर थोडं प्युरिन पाण्यात उतरतं, ते पाणी टाकून द्यायचं. अंगठा सुजलेला असताना मासा पूर्ण बंद.

रानवाट:
निळीशाई, कॉड लिव्हर ऑइल घेत असाल तर आजच डॉक्टरांना सांगा. त्यात जीवनसत्त्व अ रेटिनॉलच्या रूपात भरपूर असतं, आणि गरोदरपणात ते जास्त झालं तर बाळाला अपाय होतो.