सल्ला हवा: साडेतीन वर्षांच्या मुलाला मोजायला शिकवायचंय. चित्रपुस्तकं आणि घरी करता येण्यासारखं काही (बजेट ४०० रु.)

गंगापूररोडवाली
नमस्कार. मुलगा एक ते वीस घडाघडा म्हणतो, पण "पाच शेंगदाणे दे" म्हटलं की मूठभर आणून देतो. मोजणीची मराठी चित्रपुस्तकं घेताना काय बघावं? घरी काय बनवता येईल? सगळं मिळून ४०० रुपये. मोबाइल अ‍ॅप नको. नाशिकमध्ये मिळेल असं सुचवा.

इंदिरानगर_बाबा
सरळ लाकडी माँटेसरी संच घ्या. सोनेरी मणी, दहाच्या सळया, हजाराचा ठोकळा. अडीच-तीन हजार जातील, पण एकदाच. आमच्याकडे आहे, बघायला लोक घरी येतात.

काटकोन
बाबा, बजेट ४०० लिहिलंय. आणि ज्याला पाच देता येत नाहीत तो हजाराचा ठोकळा घेऊन काय करणार?

ताई, म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. गेलमन आणि गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची तत्त्वं मांडली, त्यातली तीन तुमच्या कामाची: शब्दांचा क्रम ठरलेला, एका वस्तूला एकच शब्द, आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण किती. पहिलं त्याला येतंय. अडलंय ते बहुतेक तिसऱ्यावर.

"एक दे", "दोन दे", "तीन दे" असं क्रमाने मागून बघा. तीनला मूठ आली तर त्याला दोन येतात, म्हणून काम तीनवर. वीसचा नाद सोडा. त्याने मोजून झाल्यावर लगेच "मग किती आहेत?" विचारा. पुन्हा एकपासून मोजायला लागला, तर शेवटच्या शब्दाचा अर्थ अजून पोचलेला नाही असं समजा.

गोदाकाठची_मावशी
चिंचोके! फुकट आणि उत्तम. धुऊन दोन दिवस कडक वाळवायचे, मग खरखरीत दगडावर एक बाजू घासायची, पांढरी होईपर्यंत. पाच चिंचोके फेकले की कधी तीन तपकिरी दोन पांढरे, कधी चार-एक. पाच ते पाचच, हे पोराला आपोआप दिसतं. नीट वाळवले नाहीत तर डब्यात बुरशी धरते. हल्ली सगळ्यांना विकतचंच लागतं.

इंदिरानगर_बाबा
संचातले मणी रंगीत असतात, घासत बसावं लागत नाही.

चष्मेबद्दूर_सिडको
चिंचोके +१. पण शेंगदाणे आधी बंद करा, या वयात श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. चणे, वाटाणे, राजमाही नको, नाकात घातले तर ओलाव्याने फुगतात आणि मग डॉक्टरच लागतो. गुंजा तर अजिबात नको. लाल-काळ्या छान दिसतात, पण बी विषारी असतं. तीन वर्षांखालच्यांच्या खेळण्यांना ३.१७ सेंमी व्यासाच्या नळकांड्याची चाचणी असते. त्यात मावणारी वस्तू धाकट्या भावंडाच्या हाताशी ठेवू नका. म्हणजे चिंचोकेही समोर बसूनच.

पिंपळगाव_एक्स्प्रेस
नाशिकला राहून चिंचोके कसले मोजता? द्राक्षं मोजा आणि खा!

चष्मेबद्दूर_सिडको
अख्खं द्राक्ष पाच वर्षांखालच्या मुलाला नको. उभी चार कापं करून द्यावीत. आणि चार कापं केली की "किती द्राक्षं?" हा वेगळाच घोळ सुरू होतो.

पानउलट्या
पुस्तकांबद्दल कुणी बोलतच नाहीये. दुकानात पान उघडून हे बघा:

पानावर फक्त मोजायच्याच वस्तू हव्यात. पाच बदकं लिहायचं आणि कोपऱ्यात सहावं पिल्लू काढायचं, असं चित्रकार हमखास करतात. मूल ते बरोबर मोजतं आणि आपण त्याला चूक म्हणतो. वस्तू ओळीत असाव्यात, गोलात काढल्या तर कुठून सुरू केलं ते मुलाला कळत नाही आणि तेच बदक दोनदा मोजलं जातं. प्रत्येक पानावर नवी वस्तू (एक सूर्य, दोन डोळे, तीन पानं) यापेक्षा त्याच झाडावर आणखी एक पक्षी येऊन बसतो, ही मांडणी चांगली. "एक वाढला" हे चित्रातच दिसतं. अंक एकाच लिपीतले घ्या, देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ सारखेच दिसतात.

ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका यांची चाळा. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात, परवाना मुक्त आहे, छापून घ्यायलाही हरकत नाही. नाहीतर सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं.

सातपूरचा_गणित्या
पण शिकवायचं "एकवीस" की "वीस एक"? २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकापासून हा घोळ आहे. माझं ठाम मत...

काटकोन
मूल पाचवर अडकलंय हो. एकवीसला वेळ आहे.

सातपूरचा_गणित्या
पाया आधीच ठरवावा लागतो. वेगळा धागा काढतो.

कागदकाम_पंचवटी
घरी घडीचं पुस्तक करा, साठ-सत्तर रुपयांत होईल. २२ × ३० इंची जाड ड्रॉइंग पेपर एक. लांबीला समांतर चार पट्ट्या कापा, प्रत्येक साधारण १४ सेंमी रुंद. दर १२.५ सेंमीवर घडी. सहा पानं होऊन टोकाला सेंटीमीटरभर उरतं, तीच चिकटपट्टी. दोन पट्ट्या जोडल्या की बारा पानं: मुखपृष्ठ, १ ते १०, मलपृष्ठ. एका कागदात दोन पुस्तकं होतात.

घडीच्या आधी शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. फेविकॉल बोटाने पातळ लावा, जाड थर दिला की कागद सुरकुततो. मैद्याची खळ करणार असाल तर बाइंडरांसारखं मोरचूद घालू नका, ते विषारी आहे. चित्रांऐवजी मोठ्या टिकल्या चिकटवा, एका ओळीत पाच, सहावी खालच्या ओळीत. सगळं पुस्तक उभं पसरलं की टिकल्यांचा जिनाच दिसतो. सामान मेन रोड-शालिमार भागात मिळेल.

गोदाकाठची_मावशी
टिकल्या लहान असतात, तोंडात घालेल. मी चिंचोके म्हटलं होतं.

अंडाभुर्जी_नाशिकरोड
अंड्यांचा तीसचा ट्रे कापा. पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात, दोन-दोन ओळींचे तीन तुकडे केले की प्रत्येकात दहा खळगे. एका खळग्यात एकच वस्तू, त्यामुळे एकाला एक आपोआप जमतं. वापरलेला कागदी ट्रे धुता येत नाही, कच्च्या अंड्याचे जंतू राहतात. कोरा मागून घ्या.

इंदिरानगर_बाबा
यापेक्षा संच.

गंगापूररोडवाली
सर्वांचे आभार. काल विचारून पाहिलं, दोन देतो, तीनला मूठ. पुस्तक, टिकल्या, चिंचोके सध्या काहीच आणत नाहीये. घरात कॅरम आहे, त्याच्या सोंगट्या घेते, जमिनीवर खडूने चौकोन काढते. धाकटं भावंड नाही. खर्च शून्य.

कागदकाम_पंचवटी
निदान चौकोन तरी पाच-पाचच्या ओळीत काढा.

अंडाभुर्जी_नाशिकरोड
नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. एकोणीसच होतात. पुढे वीसपर्यंत गेलात तर एक बाटलीचं झाकण काढून ठेवा.