मदत हवी आहे: अमराठी विद्यार्थ्यांसाठी २७ फेब्रुवारीचा कार्यक्रम

नमस्कार. नवी मुंबईतील एका विद्यापीठाच्या भाषा अध्यापन केंद्रात मी अमराठी भाषकांना मराठी शिकवते. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त केंद्रात तासाभराचा कार्यक्रम करायचा असून त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण आणि दोन-चार कविता यांवरच असे कार्यक्रम बहुधा आटोपतात; जे भाषा शिकत आहेत ते केवळ श्रोते राहतात, हे मला मनापासून खटकते. यंदा त्यांनी स्वतः मंचावर उभे राहावे, अशी इच्छा आहे. माझ्या मनात भारूड आहे, कारण सोंग एकाने घेतले तरी धृपद सर्वांनी मिळून म्हणायचे असते, आणि त्यामुळे बुजरा विद्यार्थीही आपसूक सामील होतो. मात्र एकनाथांची सोळाव्या शतकातील भाषा नवशिक्यांना कितपत झेपेल, ही शंका आहे. उच्चारांचीही काळजी वाटते: तमीळ आणि मल्याळम भाषक ‘ळ’ सहज म्हणतात, हिंदी भाषकांना तो घोटून घ्यावा लागतो, तर ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतील वेगवेगळे ‘च’ बहुतेकांना अडवतात.

नवशिक्यांकडून भारूड बसवून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का? भाषा थोडी सोपी करून घेणे योग्य ठरेल, की त्याऐवजी नाट्यछटा निवडावी? ठाणे किंवा नवी मुंबईत राहणारे, विद्यार्थ्यांना तालमीत शिकवू शकतील असे भारूड कलावंत माहीत असल्यास कृपया कळवावे. मानधनाची तरतूद आहे.