मदत हवी आहे: मामांच्या होडीसाठी व्हीएचएफ सेट, 5 वॅट की 25 वॅट?

कोथरूडकर_मीरा

नमस्कार मंडळी. माझे मामा हर्णैला मासेमारी करतात. होडी लहान आहे. मामा स्वतःच तांडेल, बरोबर तीन-चार खलाशी. पावसाळी बंदी उठायच्या आत होडीवर चांगला वायरलेस (व्हीएचएफ) बसवायचा असं मी आणि मामेभावाने ठरवलंय. सध्या सगळी भिस्त मोबाइलवर आहे, आणि किनारा मागे पडला की नेटवर्क जातं. मामी रात्रभर जागी असते.

मी पुण्यात, त्यामुळे चौकशी इथूनच चालली आहे. पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं पालथी घातली. एकाने सांगितलं, हातातला 5 वॅटचा पुरे. दुसरा म्हणाला, 25 वॅटचा घ्या, पाचपट लांब ऐकू जाईल. तिसऱ्याने साधा वॉकीटॉकी दाखवला, त्यावरही हेच चॅनेल लागतात म्हणे, आणि किंमत अगदीच कमी. वॅट पाचपट म्हणजे अंतर पाचपट, हे खरं आहे का? आणि मदत मागायची वेळ आलीच तर ती ऐकणार कोण, किनाऱ्यावरचं कुणी की जवळची जहाजं? कृपया अनुभवी लोकांनी सांगा. चुकीची वस्तू घेऊन चालणार नाही.

तरंगलांबी

मीराताई, पाचपट अंतर हे साफ चूक. वॅटच्या आधी उंचीचं बघा.

सागरी व्हीएचएफ साधारण 156 ते 162 मेगाहर्ट्झमध्ये चालतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजापलीकडे फारशा पोचत नाहीत. टीव्हीचा मनोरा पेठेत न उभारता सिंहगडावर का उभारला, त्याचं कारण हेच. समुद्रावर डोंगर नसतो, तेव्हा डोलकाठीवर अँटेना जितकी वर तितकं तुमचं क्षितिज लांब.

हिशोब सोपा आहे. दोन्ही अँटेनांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढा, बेरीज करून 4.1 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन्ही होड्यांच्या अँटेना 4 मीटरवर असतील तर साधारण 16 किलोमीटर. समोर मोठं जहाज असेल आणि त्याची अँटेना 25 मीटरवर असेल तर 29 किलोमीटर. किनाऱ्यावरच्या टेकडीवर 100 मीटर उंचीवर अँटेना असेल तर 49. यात वॅट कुठेच आला नाही, बघा.

वॅटचा उपयोग नाही असं मात्र नाही. हद्दीच्या टोकाशी आवाज खरखरतो तिथे 25 वॅट कामाला येतात, पावसात आणि लाटांत होडी डोलत असतानाही. पण पैसे वाटून खर्च करायचे असतील तर अँटेना आणि केबल यांच्यावर हात आखडू नका. पातळ केबल 10 मीटर वापरली तर एक तृतीयांशाच्या आसपास शक्ती केबलमध्येच जिरते. जोडावर खारं पाणी शिरलं की उरलेलीही जाते.

अजून एक. जास्त 'गेन'ची लांबच लांब अँटेना लहान होडीवर घेऊ नका. ती शक्ती आडव्या पट्ट्यात दाबून पाठवते. होडी कलंडली की तोच पट्टा एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आभाळात जातो. लहान होडीला 3 डेसिबल गेनची बरी.

दर्यावर्दी_सेवानिवृत्त

वरचा हिशोब बरोबर आहे. मी बरीच वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, आता सिंहगड रस्त्याला राहतो. ऐकणार कोण, या प्रश्नावर लिहितो, कारण माझ्या मते मुख्य प्रश्न तोच.

मोबाइलवर तुम्ही एकाच माणसाशी बोलता. व्हीएचएफवर तुमची हाक टप्प्यातल्या सगळ्यांना एकदम ऐकू जाते. चॅनेल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, हा संकटाचा आणि हाक मारण्याचा. मोठ्या जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, तो सतत चालू असतो, तटरक्षक दलही ऐकतं. बुडणाऱ्या होडीला पहिला हात बहुतेक वेळा जवळच्या जहाजाचा किंवा शेजारच्या होडीचा मिळतो. म्हणून किनारा टप्प्यात नसला तरी सेट वाया जात नाही.

16 वर गप्पा मारायच्या नाहीत. हाक मारायची, उत्तर आलं की दुसरा चॅनेल ठरवून तिकडे जायचं. बोलायचं बटण माईकवर अडकून राहिलं तर आसपासच्या सगळ्यांचा 16 अडतो, आणि ज्याचं बटण अडकलंय त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही. माईक कुठे टांगायचा याची जागा आधी ठरवा.

शक्य असेल तर डीएससी, म्हणजे बटणावर संकट-संदेश पाठवायची सोय, असलेला सेट घ्या. झाकणाखालचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं की चॅनेल 70 वरून आपोआप संदेश जातो: कोणती होडी, कुठे आहे. 70 वर बोलता येत नाही, तो फक्त या संदेशांसाठी. मात्र त्यासाठी सेटमध्ये होडीचा 9 आकडी एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख क्रमांक, भरलेला हवा (भारताचे 419 ने सुरू होतात) आणि जीपीएस जोडलेला हवा. एवढं केलं नसेल तर ते बटण असून नसल्यासारखंच.

कोथरूडकर_मीरा

दोघांचे मनापासून आभार. उंचीचं कुणीच सांगितलं नव्हतं. आता दोन शंका. मामांना इंग्रजी येत नाही, मग संकटात बोलायचं काय? आणि तो स्वस्त वॉकीटॉकी निदान जोडीला म्हणून चालेल का?

तरंगलांबी

नका घेऊ. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे, त्या जातीचे सेट मी रोज हाताळतो, म्हणून ठामपणे सांगतो. ते ट्यून होतात, पण सागरी वापरासाठी मान्यता नसते, आणि बहुतेकांना पाण्याचा थेंब सोसत नाही. शिवाय किनाऱ्याशी बोलायच्या काही चॅनेलवर पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, दोन्हींत 4.6 मेगाहर्ट्झचं अंतर. सागरी सेटला ते ठाऊक असतं, वॉकीटॉकीत हाताने भरावं लागतं. अंधारात, ओल्या हातांनी कोण भरणार?

जोडीला काही हवंच असेल तर पाण्यात तरंगणारा सागरी हँडसेट घ्या. तो हातात असताना पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर असतो, म्हणजे 4 मीटरवाल्या होडीशी 12 किलोमीटरच्या आसपास. होडी सोडायची वेळ आली तर तोच बरोबर नेता येतो.

आणि कृपा करून कोथरूडच्या गच्चीवरून बोलून चाचणी करू नका. हे सेट जहाजावरून वापरायचे असतात.

दर्यावर्दी_सेवानिवृत्त

भाषेची काळजी नको. किनाऱ्याजवळ होड्या आपापसांत मराठी-हिंदीतच बोलतात, तटरक्षक दलाला हिंदी समजतं. परदेशी जहाजालाही कळावं म्हणून 'मेडे' तीनदा म्हणायचं, होडीचं नाव तीनदा, मग जीपीएसवरची जागा आकड्यांत, काय झालंय, आणि माणसं किती. शेवटी 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचं. लोक बटण सोडायलाच विसरतात. जागेचे आकडे इंग्रजीत एकेक करून म्हणायची सवय मामांना घरीच करून द्या, सेट बंद ठेवून. हीच ओळ मोठ्या अक्षरांत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सेटशेजारी चिकटवा. जिवाला धोका नसेल, नुसतं इंजिन बंद पडलं असेल, तर 'मेडे'ऐवजी 'पॅन-पॅन' तीनदा.

मामा व्हीएचएफच्या टप्प्याबाहेर जात असतील तर इस्रोने मच्छीमारांसाठी केलेलं उपग्रहावरून चालणारं संकट-संदेश यंत्र मिळतं, त्याचीही चौकशी करा. मामींना तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक देऊन ठेवा, होडी वेळेत परतली नाही तर किनाऱ्यावरून तो लावता येतो.

परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून लागतो. होडीची कागदपत्रं घेऊन मामेभावाला आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे पाठवा, एमएमएसआयचंही तिथेच विचारा.

कोथरूडकर_मीरा

ठरलं. डीएससीवाला 25 वॅटचा बसवायचा सेट, 3 डेसिबलची अँटेना, जाड केबल. भावाशी आत्ताच बोलले, डोलकाठी सध्या 4 मीटरची आहे, ती 6 पर्यंत वाढवता येईल म्हणाला. दुसऱ्या होडीशी मग किती मिळेल?

तरंगलांबी

6 चं वर्गमूळ 2.45, समोरच्या 4 मीटरचं 2. बेरीज 4.45, गुणिले 4.1, म्हणजे 18 किलोमीटर. दोनच किलोमीटर वाढले, पण चहूबाजूंनी वाढले. क्षेत्रफळात तो जवळजवळ चौथा हिस्सा जास्त होतो, आणि ऐकणारी होडी त्या वाढलेल्या भागातही असू शकते. वाढवून घ्या, फक्त ताणाच्या दोऱ्या पक्क्या बांधायला सांगा.