आईचे पाय: चिखल्या, भेगा, मधुमेह आणि वर नवरात्रात अनवाणी. मदत हवी आहे

चाळीतली_चिमणी

नमस्कार मंडळी,

पायांच्या दुखण्यांवरचे इथले जुने धागे चाळून झाले. तिथे बहुतेक मॅरेथॉनवाले आणि नवे बूट चावलेले लोक आहेत. माझा प्रश्न आईचा आहे, म्हणून वेगळा धागा काढते.

आई ५८ वर्षांची. परळला आमचं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. ती आणि दोन मावश्या पहाटेपासून दुपार टळेपर्यंत उभ्या असतात. खाली कडप्पा, आणि तो कायम ओला, कारण भाज्या धुणं, पातेली विसळणं सगळं तिथेच. अन्न शिजतं तिथे पायताण नको, हा तिचा नियम, त्यामुळे पाय उघडेच. मधुमेह बऱ्याच वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत, साखर "तशी बरी असते" (हे तिचं उत्तर, लॅबचं नव्हे).

आता तक्रारी. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात. कातडी पांढरी पडून सोलते, रात्री खाजवून हैराण. नाक्यावरच्या केमिस्टने एक मलम दिलं. त्याने दोन दिवसांत खाज गेली, पण ट्यूब संपल्यावर पुन्हा सुरू झाली आणि आता पावलाच्या वर गोल चट्टा उठलाय. टाचांना भेगा आहेत, त्यातली एक खोल आहे, अधूनमधून रक्त येतं. तिचा उपाय म्हणजे मेण आणि खोबरेल कढवून भेगेत भरणं. शिवाय सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टाच ठणकते, मग चालू पडली की कमी होते.

गंमत म्हणजे परवा हिंदमाताकडून येताना बाईसाहेबांची एका पायातली चप्पल कुठेतरी निसटली आणि त्या तशाच घरापर्यंत आल्या. मी दाखवल्यावर कळलं. आम्ही पोट धरून हसलो.

खरी काळजी पुढेच आहे. ती घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत अनवाणी राहते. यंदाही राहणार म्हणते. मला विचारायचंय ते एवढंच: चिखल्यांना नक्की काय लावावं, दाखवायचं तर कुठल्या डॉक्टरला, आणि व्रताचं तिला कसं समजवावं? "बंद कर" हे उत्तर मीही देऊन पाहिलंय.

ओपीडीवाला

ताई, तुम्ही जे गंमत म्हणून लिहिलंय, तेच मला सगळ्यात काळजीचं वाटतं. मधुमेही माणसाची चप्पल निसटते आणि त्याला पत्ता लागत नाही, याचा अर्थ पायाची संवेदना कमी झाली असण्याची दाट शक्यता आहे. मी डोंबिवलीला जनरल प्रॅक्टिस करतो. असे लोक पायात खिळा घेऊन आलेले पाहिलेत, आणि ते आलेले असतात सर्दीसाठी.

चिखल्या एकवेळ थांबू शकतील, पण संवेदनेची तपासणी थांबवू नका. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा धागा असतो, तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि पेशंटने डोळे मिटून कुठे लागलं ते सांगायचं. ट्यूनिंग फोर्क लावून कंपन कळतंय का पाहतात, पावलावरच्या नाड्या तपासतात. सगळं पाच-दहा मिनिटांचं काम. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने हे वर्षातून एकदा तरी करायचं असतं, पण डॉक्टर टेबलापलीकडे बसलेला आणि पेशंटचे पाय टेबलाखाली, त्यामुळे राहून जातं. सोबत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा, म्हणजे "तशी बरी"चा अर्थ कळेल.

मेण कढवून भरणं आजपासून बंद. ज्या पायाला गरम कळत नाही त्यावर कढत काही ओतायचं नाही. याच कारणाने गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही आणि शेकायची पिशवीही नको. पाणी कोमट आहे की नाही ते कोपराने बघायचं किंवा तुम्ही बघायचं.

आता मलम. त्या ट्यूबवर घटकांची नावं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड अशी खिचडी असलेली मलमं आपल्याकडे सर्रास विकली जातात. स्टिरॉइडने सूज आणि खाज दबते, चिखल्यांची बुरशी मात्र आत पसरते. चट्टा वर सरकलाय तो बहुधा यानेच. २०१८ मध्ये बऱ्याच स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, काउंटरवर काय चालतं ते तुम्ही पाहताच.

साध्या चिखल्यांना नुसतं क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, पाय पूर्ण कोरडे करून, आणि दिसायला बरं झाल्यावरही काही आठवडे. लोक इथेच फसतात, खाज गेली की ट्यूब कपाटात. पण आईंच्या बाबतीत स्टिरॉइड लागून गेलंय, चट्टा पसरलाय, मधुमेह आहे, तेव्हा स्वतः काही न लावता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ते कातडीचा भुगा खरवडून स्लाइडवर बुरशी आहे का पाहतील. तुम्ही परळला आहात, केईएमची ओपीडी दाराशी आहे.

मालवणी_मावशी

भेगांसाठी भिरंडेल. कोकमाच्या बियांचं तेल, घट्ट गोळा मिळतो. दादरला कोकणी मालाच्या दुकानांत विचार. रात्री पाय धुऊन, पुसून, टाचेवर चोळायचं आणि सुती मोजे घालून झोपायचं. आमच्याकडे समईवर वितळवून थेंब भेगेत सोडत, पण वरचं वाचल्यावर ते नको गो बाय. हाताच्या उबेने मऊ होतं तेवढं पुरे.

ओपीडीवाला

मावशी, चालेल. टाचेला वंगण हवं, मग ते भिरंडेल असो की व्हॅसलीन. कातडी फार जाड असेल तर युरिया असलेलं क्रीम जास्त काम करतं. फक्त बोटांच्या बेचक्यात काहीही तेलकट नको, तिथे कोरडंच हवं. रक्त येणारी भेग ही जखम समजा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. घरी ब्लेडने कातडी कापणं नाही, कुरुपावर लावायच्या कॉर्न कॅप नाहीत. त्यातलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड अशा पायाची चांगली कातडीही खातं.

पोटरी_ताण

फिजिओथेरपिस्ट आहे, टाचेपुरतं लिहिते. सकाळच्या पहिल्या पावलांना दुखणं आणि चालल्यावर उतरणं हे प्लांटर फॅशिआयटिसचं ठरलेलं वर्णन. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जाडसर पट्टा असतो, त्याच्या टाचेकडच्या टोकाला त्रास होतो. तासन्‌तास कडक फरशीवर अनवाणी उभं राहणं हे मोठं कारण. आपल्या शहरात मला असे पेशंट दोन ठिकाणांहून येतात, किचनमधून आणि लोकलच्या दारातून.

भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला. तीस सेकंद, दोन्ही पाय, दिवसातून तीनदा. उठायच्या आधी पलंगावर बसून पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढायची. नेटवर गोठवलेली बाटली पायाखाली फिरवा म्हणतात, ती आईंना देऊ नका, बधिर पायाला बर्फही भाजतो. महिने लागतात, पण बहुतेकांचं इंजेक्शनशिवाय बरं होतं.

ओट्यापुढे जाड रबरी मॅट टाका, भोकं असलेली, म्हणजे पाणी खाली उतरतं. आणि नव्या कोऱ्या रबरी चपला फक्त स्वयंपाकघरासाठी ठेवा, ज्या रस्त्यावर कधीच गेल्या नाहीत. माझ्या सासूबाईंना सोवळ्याच्या भाषेत सांगितल्यावर हे पटलं होतं.

रात्रपाळी

धागा हायजॅक करत नाही, छोटा प्रश्न. सिक्युरिटीत आहे, बारा तास बूट. पावसात मोजे ओलेच राहतात. तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि वास इतका की घरी दाराबाहेर बूट काढावे लागतात. बुरशीची पावडर लावून झाली, फरक शून्य.

ओपीडीवाला

खड्डे आणि वास म्हणजे बहुधा पिटेड केराटोलिसिस. हा जिवाणूंचा प्रकार आहे, म्हणून बुरशीच्या पावडरीने जात नाही. लावायला क्लिंडामायसिनसारखं औषध मिळतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्या. मोज्यांचा दुसरा जोड डब्याच्या पिशवीत ठेवा, ड्यूटीच्या मध्यात बदला. बूट दोन जोड, आलटूनपालटून, आत वर्तमानपत्राचे बोळे.

आणि दोघांनाही: भेगा किंवा जखमा असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) विसरू नका. उंदरांच्या मुतातून ते जंतू पाण्यात येतात आणि फुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते.

तिरकस_तात्या

व्रताबद्दल कुणीच बोलेना म्हणून बोलतो. लालबाग-परळचे रस्ते, खोदकामाची खडी, फुटलेल्या बाटल्या, ऑक्टोबरचं डांबर. चांगल्या पायाच्या माणसालाही दुपारी चटका बसतो. अंधश्रद्धा सोडा की सरळ.

मालवणी_मावशी

तात्या, असं बोलल्यावर ती बाई दहाव्या दिवशीही चप्पल घालणार नाही. चिमणे, आईला सांग, व्रत बदलून घेता येतं. आमच्या गावच्या भटजींनी माझ्या नणंदेला अनवाणीऐवजी नऊ दिवस सप्तशतीचा पाठ सांगितला होता. चप्पल देवळाच्या पायरीशी काढायची, तेवढं पुरे. तू सांगू नकोस, पूजा सांगणाऱ्यालाच सांगायला लाव.

चाळीतली_चिमणी

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय कारण मधे गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी होत्या.

तपासणी झाली. दोन्ही अंगठ्यांखाली आणि डाव्या टाचेवर तो धागा तिला कळलाच नाही. आई डोळे मिटून "लावा ना हो" म्हणत होती आणि डॉक्टर तीनदा टेकवून झाले होते. मला तिथे हसू आलं नाही. एचबीएवनसी ९.४ आली, गोळ्या बदलल्यात. भुग्यात बुरशी सापडली, स्टिरॉइडवालं मलम बंद करून नुसतं बुरशीचं औषध दिलंय, आणि भेगेचं ड्रेसिंग चालू आहे. रोज रात्री मी तिचे तळवे टॉर्च लावून बघते, तिला वाकून दिसत नाही. यावरून आमची रोज भांडणं होतात.

मॅट आणली. किचनच्या चपला घेतल्या, तिने त्यांना हळदकुंकू लावून मगच पाय घातला. व्रताचं मावशींनी सांगितलं तसं केलं. गुरुजी काही म्हणायच्या आत आईच म्हणाली, "चामडं नको, बाकी चालेल ना?" म्हणजे आता बाहेरसाठी बिनचामड्याची, मऊ तळव्याची चप्पल हवी. डॉक्टरांनी एमसीआर म्हणून लिहून दिलंय. कुठे मिळेल?

पोटरी_ताण

एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरतात. मागे पट्टा असलेलीच घ्या, नुसता अंगठा अडकवायची नको, ती पुन्हा निसटेल. हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ऑर्थोटिक्स विभाग आहे, तिथे विचारा, परळहून जवळ आहे. माप संध्याकाळी द्या, दिवसभर उभं राहून पाय फुगलेले असतात. कळत नाही म्हणून असे लोक चप्पल घट्ट घेतात, तेव्हा "बरोबर बसतेय" यावर विश्वास ठेवू नका, पुठ्ठ्यावर पावलाची बाह्यरेषा काढून न्या. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच, मग पाय बघायचे, कुठे लाल झालंय का.

रात्रपाळी

संध्याकाळी माप हे माझ्यासाठीही का? माझी संध्याकाळ सकाळी आठला होते, तेव्हा एकही दुकान उघडं नसतं.

पोटरी_ताण

मग रात्री ड्यूटीला निघायच्या आधी, पण जाड मोजे घालून द्या आणि अर्धा नंबर मोठा घ्या.