चर्चा: ‘देवाचे निवडलेले’ ही शिकवण मंडळीत कुठून सुरू करावी?

खमीर
दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या तयारीच्या वर्गात ‘निवड’ (देवानं तारणासाठी माणसं निवडली ही शिकवण) हा विषय बहुधा रोमकरांस पत्राच्या ९व्या अध्यायापासून काढतात. जन्माआधीच निवडलेला याकोब, न निवडलेला त्याचा भाऊ एसाव, कुंभार, माती. हा क्रम चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच तासाला ‘एसावाचा काय दोष?’ हा प्रश्न येतो, पुढचे तास त्यातच जातात आणि निवडलेल्या माणसानं करायचं काय, इथवर वर्ग पोचतच नाही.

चार तासांचा हा वर्ग पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातल्या ३:१२ पासून सुरू करा. ‘देवाचे निवडलेले, पवित्र व प्रिय’ एवढं म्हणून पौल लगेच करुणा, ममता, सौम्यता, लीनता, सहनशीलता धारण करायला सांगतो. मूळ ग्रीक क्रियापद अंगात कपडे घालण्याचंच आहे, आणि ९व्या वचनात जुना मनुष्य उतरवून ठेवलेला आहे. मग १३व्या वचनात गाऱ्हाणं आणि क्षमा. म्हणून वर्गाला काम द्यायचं ते असं: एक आठवडा, एक गुण, आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे असा एक माणूस. पाचही गुण एकदम दिले तर कुणीच काही करत नाही.

मोहरीचा दाणा
क्रम बदलून अडचण फक्त पुढे ढकलली जाते. मुलं ९वा अध्याय घरी वाचणारच आहेत. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा प्रेस्बिटेरियन आणि ब्रिटिश मेथडिस्ट एकाच मंडळीत आले. निवडीबद्दल त्यांची शिकवण मुळात वेगळी. प्रेस्बिटेरियन ज्या कॅल्विनच्या परंपरेतले, तिच्या डॉर्ट इथल्या सिनोडनं, म्हणजे धर्मसभेनं (१६१८–१९) निवड बिनशर्त ठरवली: ती माणसाच्या विश्वासावर किंवा कर्मावर अवलंबून नाही. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली यानं १७३९ साली त्याविरुद्ध उघड उपदेश केला: कृपा सर्वांसाठी आहे. इफिसकरांस १:४ मध्ये ‘ख्रिस्ताच्या ठायी’ निवडलं असं आहे. जो विश्वासानं त्याच्या ठायी आला, तो निवडलेला.

बिनशर्त निवड शिकवली की धडधाकट माणसाला गर्व चढतो आणि खचलेला माणूस आणखी खचतो. अंथरुणाला खिळलेल्यानं ‘माझं नावच नसेल तर?’ असं विचारलं तर त्याला काय सांगणार?

खमीर
डॉर्टच्या नियमांतच त्याची सोय आहे. पहिल्या प्रकरणाचं १६वं कलम नेमकं अशा माणसासाठी आहे: ज्याला खात्री वाटत नाही त्यानं घाबरून जाऊ नये, देवानं नेमलेली साधनं चालू ठेवावीत. म्हणजे वचन, प्रार्थना, प्रभुभोजन. १२व्या कलमात देवाची गुपितं उकरू नका असं म्हटलंय. विश्वास, पापाबद्दल दुःख, नीतिमत्त्वाची भूक ही फळं पाहा.

मात्र आजाऱ्याच्या उशाशी ही फळंही मोजायला लावू नयेत. खचलेल्याला स्वतःत फळ दिसतच नाही. तिथे योहान ६:३७ वाचा: ‘जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही.’ ख्रिस्त हाच निवडीचा आरसा, असं कॅल्विननंही लिहिलंय. वाचन लहान ठेवा आणि वाद मांडू नका.

२ पेत्र १:१० बद्दलही हेच. ‘पाचारण व निवड दृढ करा’ शिकवताना आपण ५व्या वचनापासून सुरू करतो. सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, प्रीती: सात गुणांची परीक्षाच होऊन बसते. देवानं आधीच सर्व दिलं आहे हे सांगणारी ३री आणि ४थी वचनं सुटतात. बिघडतं ते तिथे.

दिवठणी
तुम्ही दोघंही एकेकट्या माणसाची निवड धरून बोलताय. १ पेत्र २:९ मधलं ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे: निवडलेला वंश, राजकीय (म्हणजे राजाचा) याजकगण, पवित्र राष्ट्र. यातले याजकांचे आणि पवित्र राष्ट्राचे शब्द निर्गम १९ मधले, सीनाय पर्वतापाशी अख्ख्या लोकांना सांगितलेले.

आपल्याकडे खरी कसोटी ‘वंश’ या शब्दाची आहे. रविवारी हे वचन मोठ्यानं वाचायचं आणि लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ विचारायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (७:७) इस्राएलाला सांगितलंय की तुम्ही संख्येनं जास्त होता म्हणून निवडलं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १ल्या अध्यायात पौल म्हणतो, तुमच्यात कुलीन फार नव्हते. देवानं हीनदीन निवडले. ज्या निवडीनं कुळाचा मान काढून घेतला, तिच्याच नावानं आपण कुळ जपतो. मला हे फार लागतं.

करायचं काय, तर विवाहेच्छुंच्या माहितीपत्रकातून मूळ जातीचा रकाना काढावा, आणि विवाहपूर्व मार्गदर्शनाला दोन्हीकडच्या आईवडिलांनाही बसवावं. नुसता रकाना काढला तर तोच प्रश्न फोनवर विचारला जातो. तो विचारणारे बहुतेक वडीलधारेच असतात.

मोहरीचा दाणा
दिवठणी, हे मान्य, अगदी मनापासून. पण मग आमोस ३:२ सुद्धा शिकवा: ‘तुम्हांलाच मी ओळखले’ म्हणून तुमच्या दुष्कर्मांची शिक्षा तुम्हांलाच. बिनशर्त निवड शिकवणाऱ्या वर्गांत हे वचन मागे पडतं.

खमीर, तुमच्या चार तासांत हे कुठे बसतं?

खमीर
दुसऱ्या तासाला, अनुवाद ७ च्या लगेच पुढे. रोमकरांस ९ चौथ्या तासाला, आणि ९ ते ११ सलग; कारण ११:३२ मध्ये ‘सर्वांवर दया’ आहे, आणि एसावाचा प्रश्न घेऊन बसलेल्याला तिथवर न्यायलाच हवं.