कोएनचा 'मॅकबेथ': भिंती मोकळ्या, पण माणसं कुठे गेली?
(टोपणनावांनी रंगलेली चौघांची चर्चा)

तिसरी घंटा:
शेक्सपिअर पडद्यावर आणताना 'नाटकी' वाटू नये म्हणून बहुतेक दिग्दर्शक किल्ले, घोडे, चिखल आणि लढाया ओततात. जोएल कोएनने 'द ट्रॅजेडी ऑफ मॅकबेथ'मध्ये (2021) नेमकं उलट केलं. चित्रीकरण स्टुडिओत, चित्र कृष्णधवल, चौकट जवळपास चौकोनी. स्कॉटलंड म्हणून दिसतं ते धुकं, कमानी, ओक्याबोक्या भिंती आणि धारदार सावल्या. मॅकबेथला पडद्यावर यापेक्षा चांगला न्याय मिळालेला मी पाहिलेला नाही.

खंजिराचं स्वगत घ्या. राजा डंकनला मारून गादी बळकावायला निघालेल्या मॅकबेथला समोर खंजीर दिसतो. इथे डंकनच्या दाराची मूठच लांबून खंजिरासारखी चमकते. मॅकबेथ झालेला डेन्झेल वॉशिंग्टन बोलत बोलत तिच्याकडे चालत जातो. भास असा होतो, तो माणसाला असा खेचून नेतो, हे कुठल्याही चमत्काराविना कळतं. आणि कॅथरीन हंटर! मॅकबेथला राजेपदाचं भाकीत सांगणाऱ्या तिन्ही चेटकिणी ती एकटीच. काठावर एक बाई उभी आणि पाण्यात प्रतिबिंबं मात्र दोन. ती चौकट डोक्यातून जात नाही.

विंगेतला:
देखणा आहे, वाद नाही. पण मॅकबेथ काही रिकाम्या घरात वेडा होत नाही, भरल्या दरबारात होतो. मेजवानीचा प्रवेश आठवा. मूळ नाटकात बँकोचं, म्हणजे मॅकबेथनेच मारवलेल्या मित्राचं, भूत राजाच्याच आसनावर येऊन बसतं. सगळे सरदार समोर, राणी सावरून घेतेय, आणि राजाची अब्रू सगळ्यांदेखत उसवतेय. तिथली भीती चारचौघांची आहे. कोएन मॅकबेथला बाहेरच्या दालनात नेतो, तिथे तो भुताशी झुंजतो आणि भुताचा कावळा होतो. चित्र सुंदर, पण प्रवेशाचा कणाच गेला.

दुसरं म्हणजे डंकनचा खून. शेक्सपिअरने तो विंगेत ठेवलाय. आपल्याला दिसतात फक्त परत आलेले रक्ताळलेले हात, आणि ऐकू येते दारावरची थाप. इतकं सगळं काढून टाकणाऱ्या दिग्दर्शकाने सुरा गळ्यात जाताना का दाखवावा?

कृष्णधवल:
खुनाबद्दल तुमच्याशी सहमत, तो दाखवायला नको होता. पण माणसं कमी केली म्हणूनच नवरा-बायको उरले ना! वॉशिंग्टन आणि लेडी मॅकबेथ झालेली फ्रान्सिस मॅकडॉरमंड दोघंही साठीपुढचे. त्यामुळे महत्त्वाकांक्षेचा रंगच बदलतो. तरुण जोडप्याला घाई असते, यांच्याकडे वेळच उरलेला नाही. 'निपुत्रिक राजदंड' हाती आल्याची, म्हणजे राज्य मिळालं पण वारस नाही याची, मॅकबेथची तडफड मी इतकी खरी कधी ऐकली नव्हती. मॅकडॉरमंडने 2016 मध्ये बर्कलीच्या रंगमंचावर हीच भूमिका केली होती, ती मुरलेली तयारी जाणवते.

विंगेतला:
अपत्याचा धागा जपानी दिग्दर्शक कुरोसावाने 1957 मध्येच जास्त ताणून धरलाय. 'मॅकबेथ'वरच बेतलेल्या त्याच्या 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये असाजी, म्हणजे तिथली लेडी मॅकबेथ, आपण गरोदर असल्याचं सांगते, आणि मित्राच्या मुलाला वारस करायचा बेत तिथेच फिरतो. शैलीच म्हणाल तर ती जपानच्या पारंपरिक नोह रंगभूमीची: मुखवट्यासारखा चेहरा, अंधारात फक्त रेशमाची सळसळ. पण त्याच चित्रपटात मॅकबेथवर बाण सोडणारे त्याचेच सैनिक आहेत. शैली आहे, समाजही आहे. माझी मागणी एवढीच.

तिसरी घंटा:
कुरोसावाने मूळ संवाद सोडून दिले, म्हणून त्याला दृश्यं भरावी लागली. कोएनने संवाद ठेवले आणि दृश्यं उपसून टाकली. दोन वेगळी कामं आहेत ही. आणि मोकळ्या जागेत शब्दांनी गाव उभं करणं आपल्या प्रेक्षकाला तरी परकं नको. तमाशात दोन फेऱ्या मारल्या की मथुरेचा बाजार लागतो. 'उद्या, आणि उद्या, आणि उद्या'चं भाषण वॉशिंग्टन जिना उतरत करतो, पुटपुटल्यासारखं. खाली बायको पडलीय. मागे लढाई गर्जत असती तर त्यातला थकवा ऐकूच आला नसता.

विंगेतला:
तमाशात समोर जिवंत माणूस असतो, त्याच्या श्वासावर आपण भिंती उभ्या करतो. कॅमेऱ्यापुढे ती रिकामी जागाच नेपथ्य बनते, आणि मग भिंतीच बोलायला लागतात.

शब्दवेडी:
तुम्ही दोघंही रॉसला विसरलात! मूळ नाटकात निरोप्यासारखा येऊन जाणारा सरदार. इथे बँकोच्या खुनात तिसरा मारेकरी तोच, जिन्याच्या टोकाला लेडी मॅकबेथसमोर उभा तोच, आणि शेवटी बँकोचा मुलगा फ्लीन्सला घोड्यावर घेऊन जाणाराही तोच. म्हणजे विंगेतला म्हणतात तो दरबार कोएनने या एका माणसात कोंबलाय. ॲलेक्स हॅसेलच्या चेहऱ्यावरून तो कुणाच्या बाजूचा ते शेवटपर्यंत कळत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. लेडी मॅकबेथचा मृत्यू मूळ नाटकात अपराधाच्या ओझ्याने येतो. जिन्यावर रॉस दिसला की तो खूनही वाटू शकतो. तसं असेल तर झोपेत हात चोळणाऱ्या त्या बाईचं दुःखच हिरावून घेतलं. भिंती मोकळ्या असोत की भरलेल्या, हे मला खपत नाही.