मदत हवी आहे: शाकाहारी आहे, गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करण्यासाठी जठर लहान करून आतड्याला जोडायचं ऑपरेशन) करू की नको?

माझं वय ४१, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४२, मधुमेह आणि जुनी अ‍ॅसिडिटी. आहारतज्ज्ञ, चालणं, इंजेक्शनं सगळं झालं. वजन उतरतं आणि औषध थांबलं की परत चढतं. सर्जन स्लीव्हऐवजी (त्यात जठराचा मोठा भाग नुसता कापून काढतात) बायपास सुचवतात, कारण स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. ते पटलंय. विम्याचीही सोय झाली आहे, त्यामुळे हॉस्पिटलची नावं नकोत.

धास्ती ऑपरेशनपेक्षा नंतरच्या जेवणाची आहे. आमच्याकडे अंडंही चालत नाही. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि सुरुवातीला पोटात मावणार जेमतेम अर्धी वाटी वरण! जेवताना पाणीही प्यायचं नाही. व्हे पावडरने (दुधातल्या प्रथिनांची पूड) मला मळमळतं. बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यायची तयारी आहे.

बायपासला दोन-तीन वर्षं झालेल्या पूर्ण शाकाहारी मंडळींनी कृपया सांगा: सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही नेमकं काय आणि किती खाता? गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब असं डंपिंग अजून होतं का? आणि सणावारी पंगतीत चार घासांत हात आखडता घ्यावा लागतो, त्याचं वाईट वाटणं कधी कमी होतं का?